गडांसहि वर्ण लावतां काय?

भोर-वेल्ह्याच्या शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनो, राज्यघटनेनें माणसांतला उच्चनीचपणा मोडला असें आम्ही समजत होतों. तोच उच्चनीचपणा गडांस लावलेला मात्र आम्हीं २०१९ सालीं पाहिला. त्या सालच्या सप्टेंबरांत महाराष्ट्र सरकारचा बेत बाहेर आला कीं, राज्यांतले पंचवीस किल्ले पर्यटन महामंडळामार्फत खाजगी धनिकांस लांब मुदतीच्या भाडेपट्ट्यानें द्यावे, तेथें हॉटेलें व्हावीं, लग्नसमारंभ व्हावे. संताप उसळला. तेव्हां खुलासा आला : घाबरूं नका, शिवरायांच्या इतिहासाचे गड पहिल्या वर्गांत आहेत, त्यांस हात लागणार नाहीं, बेत आहे तो दुसऱ्या वर्गाचा.

झालें! राजगड वाचला म्हणून कित्येक घरीं जाऊन स्वस्थ निजले. आम्हांस मात्र तो खुलासा मूळ बेताहून वाईट वाटला. एक गड सोवळा आणि दुसरा बाजारांत मांडण्याजोगा, ही प्रतवारी कोणाची? चिरे पाथरवटानें फोडले, भिंत गवंड्यानें रचली, पहारी लोहारानें पाजळल्या. घेऱ्यांत रामोशी, महार, मांग यांचीं घरें पहाऱ्यास बसलीं. त्यांचा घाम काय वर्ग पाहून गळला? जोतीराव फुल्यांनीं १८६९ सालीं पोवाड्यांत शिवराय गाइले ते रयतेचे राजे म्हणून, निवडक दगडांचे धनी म्हणून नव्हे.

मालकीची ही गोष्ट आमच्या मुलखास नवी नाहीं. भोर संस्थानांत तालुक्यांचीं नांवेंच प्रचंडगड, राजगड, विचित्रगड अशीं होतीं. गड पंतसचिवांचे, पायपीट रयतेची! १९४८ सालीं संस्थान विलीन झालें, तेव्हां हे गड सर्वांचे झाले. एका धन्याकडून सोडवून दुसऱ्याच्या हवालीं करावयाचे, तर त्या विलीनीकरणानें रयतेस काय मिळालें?

शिळ्या कढीला ऊत कां आणतां, असें कोणी विचारील. त्याचें कारण आहे. जुलै २०२५ मध्यें युनेस्कोनें बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादींत घेतले. त्यांत राजगड आहे, तोरणा नाहीं. त्याच सालीं वेल्हें तालुक्यास राजगड हें नांव मिळालें. आम्हांस आनंदच आहे. पण नांव वाढलें कीं जमिनीचा भाव वाढतो, आणि भावामागून दलाल येतो, हें पानशेत-वरसगांवच्या कांठच्या माणसास शिकवावें लागत नाहीं. यादींतल्या गडावर डोळे लागलेले असतात, यादीबाहेरच्यावर कोणाचे?

रोजगार मिळेल म्हणतात. मिळेल कीं, कपबशा विसळण्याचा! आज पायथ्याची बाई ताकाची कळशी घेऊन वर जाते, लिंबूसरबत विकते, चार पैसे घेऊन खालीं येते. दरवाजांत कंपनीचा पहारेकरी बसला कीं पहिली हांकलली जाईल ती तीच. सरकारला रोजगाराची खरीच कळकळ असेल, तर टाक्यांतला गाळ काढण्याचें आणि ढासळलेला तट बसवण्याचें काम पुरातत्त्व खात्याच्या देखरेखीखालीं याच खोऱ्यांतल्या हातांस द्यावें. गवंडी आमच्यांत अजून आहेत.

तोंवर येत्या ग्रामसभेंत एवढें करा. आपल्या शिवेंतला गड कोणत्या वर्गांत घातला आहे, आणि त्याची जमीन कोणाच्या नांवें आहे, हें तलाठ्याकडून लेखी मागा. रोहिड्याच्या आणि तोरण्याच्या पायथ्याच्या गांवांनीं तें आधीं मागावें.