विजयस्तंभ आठवतो, १८९२ विसरतो!

दरवर्षी १ जानेवारीला लाखो समाजबांधव भीमा कोरेगावच्या विजयस्तंभाला मानवंदना देतात. १८१८ साली याच दिवशी कॅप्टन स्टाँटनच्या हाताखालच्या सुमारे आठशे सैनिकांनी पेशव्याच्या कितीतरी मोठ्या फौजेला दिवसभर दाद दिली नाही. त्यांत आमचे महार शिपाई होते. त्यांची ‘नाक’ लावलेली नावे आजही त्या दगडावर वाचता येतात. १९२७ साली बाबासाहेब स्वतः तेथे गेले आणि झोपलेला इतिहास जागा झाला.

मात्र आणखी एक साल आमच्या काळजावर कोरलेले असायला हवे. ते साल १८९२! त्या वर्षी इंग्रज सरकारने महारांची सैन्यभरती बंद केली. ज्यांनी कोरेगाव लढवले, त्यांचे नातू-पणतू एका हुकुमाने ‘लढवय्ये नाहीत’ असे ठरले. सरसेनापती लॉर्ड रॉबर्ट्स यांनी उचलून धरलेल्या ‘लढवय्या जाती’च्या सिद्धांताचा हा प्रताप. रणांगणावर जे कोणाला जमले नाही, ते कचेरीतल्या कागदाने केले.

या हुकुमाने काय हिरावले? केवळ बंदूक नव्हे. गावात ज्याची सावली चालत नव्हती, त्याला पलटणीत पगार, हुद्दा आणि पेन्शन मिळत होते. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे छावणीत शिपायांच्या मुलामुलींना शिक्षण सक्तीचे होते. सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेत शिक्षक होते. बाबासाहेबांचा जन्म महूच्या छावणीत १४ एप्रिल १८९१ रोजी झाला आणि पुढच्याच वर्षी दार बंद झाले. ते एक पिढी आधी बंद झाले असते तर? विचारानेच अंगावर काटा येतो.

म्हणून इंग्रजांची आरती ओवाळण्याचे आम्हाला कारण नाही. त्यांनी गरजेला बोलावले आणि गरज संपताच हाकलले. १८९४ साली गोपाळबाबा वलंगकरांनी अर्ज केला, १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांनी केला. सरकार हलले नाही. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडू लागली तेव्हा १९१७ साली १११ वी महार पलटण उभी राहिली आणि युद्ध संपताच १९२१ साली मोडली गेली. १९४१ साली बाबासाहेब संरक्षण सल्लागार समितीवर गेले. त्यांनी हा प्रश्न लावून धरला आणि १ ऑक्टोबरला बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. आज तिच्यात सर्व जातींचे, सर्व प्रांतांचे जवान आहेत. जनरल कृष्ण राव आणि जनरल सुंदरजी हे दोन लष्करप्रमुख याच रेजिमेंटचे. मेजर रामस्वामी परमेश्वरन यांनी १९८७ साली श्रीलंकेत प्राण देऊन परमवीरचक्र मिळवले, तेही याच रेजिमेंटमधून. ‘लढवय्या नसलेल्यां’च्या नावाची ही रेजिमेंट!

आता वर्तमानाकडे पाहू. जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना जाहीर झाली. चार वर्षांची नोकरी, त्यानंतर जास्तीत जास्त २५ टक्के जवान कायम आणि बाकीच्यांना ठरावीक रक्कम देऊन निरोप, पेन्शन नाही. यात जातीचा उल्लेख नाही, हे मान्य. पण घरी ना शेती ना धंदा, अशा मुलाला वयाच्या पंचविशीच्या आत परत पाठवले, तर त्याचे पुढे काय? पेन्शनच्या आधारावर पुढची पिढी शिकते, हे रामजीबाबांच्या घराने दाखवून दिले आहे. तो आधार काढला तर सर्वांत आधी कोण कोसळणार?

आमचे म्हणणे एवढेच. स्तंभाला मानवंदना जरूर द्या. पण भरतीच्या धोरणाचा कागदही वाचायला शिका. आमच्या मुलांनी मैदानावर धावावे, तसेच एनडीए आणि सीडीएसच्या परीक्षांनाही बसावे. विहाराविहारांत त्यासाठी अभ्यासिका उघडाव्यात. शिपायांचे शौर्य दगडावर कोरले गेले, पण त्यांच्या नातवंडांचे भवितव्य हुकूम काढणाऱ्यांनी ठरवले. त्या खुर्चीपर्यंत पोहोचल्याशिवाय १८९२ पुन्हा येणार नाही, याची हमी कोण देणार?

जय भीम!