गोदाम मोजता, मग डिस्क का नाही?

व्यापारी बांधवांनो, दुकानातला संगणक मंद झाला की आपण काय करतो? विक्रेत्याला बोलावतो. तो म्हणतो, "चाचा, यंत्र जुने झाले, नवे घ्या." आपण पैसे मोजून मोकळे होतो. मीटरपट्टी लावल्याशिवाय एक तागा न घेणारे आपण, इथे मात्र डोळे मिटून खरेदी करतो. ही सवय नुकसानीची आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

माझीच फजिती सांगतो. दोन वर्षांपूर्वी रमजानच्या शेवटच्या आठवड्यात लोणी भापकरच्या दुकानात एकेका बिलाला दोन-दोन मिनिटे लागू लागली. गिऱ्हाईक उठून बारामतीची वाट धरू लागले. घाबरून मी नव्या यंत्राचा विसार दिला. नंतर भाच्याने पाहिले, तर डिस्क ९७ टक्के भरलेली! रोजच्या बॅकअपच्या नकला तिच्यावरच साचत होत्या. त्या बाहेरच्या डिस्कवर हलवल्या आणि यंत्र पूर्ववत चालू लागले. विसार मात्र बुडाला.

मोठ्या पेढ्यांत ही खबरदारी जुनी आहे. आयबीएमने १९८८ साली एएस/४०० हे मध्यम आकाराचे व्यापारी यंत्र आणले. त्याचा वंश आज 'आयबीएम आय' या नावाने चालू आहे. त्यात अनेक डिस्क मिळून एक गोदाम होते आणि कोणता माल कोणत्या फळीवर ठेवायचा, हे यंत्रच ठरवते. गोदाम ९० टक्के भरले की ते चालकाला इशारा देते. तिकडे दुर्लक्ष झाले आणि जागा पूर्ण संपली, तर कामकाज ठप्प होऊ शकते.

पण डिस्क किती भरली आणि किती गुंतली, हे दोन वेगळे हिशेब आहेत. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या डिस्कला एका फेऱ्यास सुमारे ८ मिलिसेकंद लागतात. विखुरलेल्या नोंदी ती सेकंदाला शंभराच्या आसपासच वाचू शकते. मागणी वाढली की रांग लागते. म्हणून एएस/४००चे जुने जाणकार डिस्क ४० टक्क्यांहून अधिक वेळ गुंतलेली दिसली की सावध होत. बॅकअप आणि मोठे अहवाल रात्री काढावेत. मेमरी अपुरी असेल तर ती वाढवावी, म्हणजे डिस्ककडे खेपा कमी होतात. नव्या एसएसडीत फिरणारी तबकडी नसते, तरी काठोकाठ भरल्यावर तीही मंदावते.

मात्र जागा हवी म्हणून जुने हिशेब पुसू नका. जीएसटी कायद्याप्रमाणे वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने ते जपावे लागतात. दुसऱ्या डिस्कवर हलवा, उघडून तपासा, मगच मूळ जागा मोकळी करा.

यंत्र खरोखर थकलेही असेल. तेव्हा जरूर नवे घ्या, पण आकडे हाती ठेवून. दर आठवड्याला रोजमेळ बंद करताना दोनच आकडे लिहा: डिस्क किती भरली आणि भर गर्दीत किती गुंतली. दोन महिन्यांत तुमची वहीच सांगेल की यंत्र बदलायचे की फक्त गोदाम आवरायचे.