मोटार स्वस्त, जागा महाग

चार मीटरपर्यंत लांबीच्या व १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल मोटारींवरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्क्यांवर आला. त्यापूर्वी तो २८ टक्के होता व त्यावर एक टक्का उपकर होता. मारुती सुझुकीच्या एस-प्रेसोची प्रारंभिक किंमत त्या वेळी ३ लाख ४९ हजार ९०० रुपये जाहीर झाली. दहिसर नाक्यावरचा हलक्या वाहनांचा पथकर तर ऑक्टोबर २०२४ मध्येच रद्द झाला होता. रोज सकाळी मीरा रोड स्थानकात गर्दीशी झुंजणाऱ्या कारकुनाच्या घरी मोटारीचा विषय पुन्हा निघाला असेल, तर नवल नाही.

तथापि दालनात सांगितलेली किंमत आणि खिशातून जाणारी रक्कम यांत बरेच अंतर आहे. दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल मोटारीवर महाराष्ट्र सरकार ११ टक्के वाहनकर घेते, आणि तोही केंद्राचा कर मिळवून झालेल्या किमतीवर. म्हणजे करावर कर. साडेतीन लाखांच्या गाडीवर हे सुमारे साडेअडतीस हजार झाले. शिवाय २०१८ पासून नव्या मोटारीचा त्रयस्थ विमा एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो. मग कर्ज. चार लाख रुपये नऊ टक्क्यांनी सात वर्षांसाठी घेतल्यास हप्ता सुमारे ६,४३५ रुपये बसतो. पाच वर्षांसाठी तो ८,३०० होतो. विक्रेता सात वर्षांचाच आकडा पुढे करतो, कारण तो लहान दिसतो. पण त्या लहान आकड्यापायी बेचाळीस हजार रुपये व्याज अधिक जाते, हे मात्र कोणी आपणहून सांगत नाही.

हा सगळा हिशेब काटकसरी गृहस्थाला जमेल. जमत नाही तो जागेचा. २०११ च्या जनगणनेत मीरा-भाईंदरची लोकसंख्या आठ लाखांवर होती. जुन्या इमारती बांधल्या गेल्या तेव्हा तेथील रहिवासी मोटार घेईल, असे कोणाच्या स्वप्नातही नव्हते. अशा स्थितीत परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी २०२५ मध्ये वाहनतळाचा पुरावा नसल्यास नव्या मोटारीची नोंदणी करू नये, असा विचार मांडला. त्यांच्या मतदारसंघात मीरा-भाईंदरचाही काही भाग येतो, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

तत्त्व म्हणून यात गैर काही नाही. रस्ता सर्वांचा आहे. त्यावर एकाची मोटार रात्रभर उभी राहावी, हा काही मूलभूत हक्क नव्हे. पण पुरावा आणायचा कोठून? दहिसरच्याच पांचाली गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये निर्णय दिला की, मोकळी वा खांबांखालची जागा बिल्डरला स्वतंत्रपणे विकता येत नाही. ती संस्थेच्या सामाईक मालकीची. निकाल न्याय्यच होता. आता गाड्या अधिक व जागा कमी असल्या की संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार चिठ्ठ्या टाकून वर्षापुरते वाटप होते. कर्ज सात वर्षांचे, जागा एका वर्षाची! दुसऱ्या वर्षी चिठ्ठी निघाली नाही, तर त्या मोटारीच्या नोंदणीचे काय करायचे?

जपानने असा नियम १९६२ च्या कायद्याने आणला. पण तेथे घरापासून दोन किलोमीटरच्या आतील भाड्याची जागाही पुरावा म्हणून चालते आणि अशी जागा मिळतेही. मीरा-भाईंदरमध्ये मासिक भाड्याची, पावती देणारी सार्वजनिक वाहनतळांची व्यवस्था आधी उभी राहिली नाही, तर नियमाचा जाच नव्या टोलेजंग संकुलातील दोन मोटारींच्या मालकाला होणार नाही. त्याच्या करारपत्रातच जागा लिहिलेली असते. जाच होईल तो जुन्या इमारतीतल्या शिक्षकाला. म्हणजे करकपात ज्याच्यासाठी केली, असे सांगितले गेले, त्यालाच. केंद्राने दिलेली दहा-अकरा टक्क्यांची सवलत मग दुसऱ्या हाताने काढून घेतली जाईल, आणि त्याला पावतीही मिळणार नाही.

दरम्यान ज्या कुटुंबाने मोटार घेण्याचे ठरवलेच आहे, त्याने दालनात जाण्यापूर्वी संस्थेच्या सचिवाकडे जाऊन वाटपाचे नियम आणि प्रतीक्षायादीतला आपला क्रमांक लेखी घ्यावा.