परवान्याचे सासर

गेल्या भाऊबीजेची गोष्ट. ओवाळून झाले, चिवड्याच्या बशा पुढे आल्या, आणि भाच्याने माझ्यासमोर आपला वैमानिकाचा परवाना ठेवला.

"मामा, अमेरिकेतला आहे. दोनशे साठ तास उड्डाण झालंय. आता जपानला जातो. तिथं वैमानिक कमी पडतायत म्हणे!"

ताई काही बोलली नाही. मागाहून स्वयंपाकघरात तिने सांगितले, की अमेरिकेच्या शिक्षणासाठी गावची जमीन गहाण पडली होती. जपानपायी ती विकायचे ठरते आहे. "तू सहा वर्षं तिथं विमानं चालवलीस. तूच काय ते सांग."

वाचकहो, भाऊबीजेला बहिणीने मागावे आणि भावाने खोटे बोलावे, हे पाप माझ्या हातून व्हायचे नव्हते. मी भाच्याला शेजारी बसवले.

"अरे, परवाना म्हणजे बी. ए.ची पदवी नव्हे, की कुठेही भिंतीवर टांगली की चालली. ज्या देशात विमानाची नोंद, त्या देशाने परवाना दिलेला असला पाहिजे किंवा मान्य केलेला असला पाहिजे. १९४४ सालच्या शिकागो कराराने हे ठरवून दिले आहे. आपल्या विमानावर 'व्हीटी' ही अक्षरे असतात, जपानच्या विमानावर 'जेए'. अक्षरे बदलली की तुझा परवाना सासरी गेलेल्या मुलीसारखा. माहेरचे कौतुक माहेरी!"

आणि हे सासर कडक. मी गेलो तेव्हा माझ्यापाशी सात हजार तास होते, आणि त्यांतले निम्म्याहून अधिक कप्तानाच्या खुर्चीतले. तरीही जपानी हवाई कायद्याची परीक्षा द्यावी लागली. सिम्युलेटरमध्ये परीक्षकासमोर शिकाऊ पोरासारखे बसावे लागले. रेडिओवर बोलण्यासाठी वेगळी मान्यता लागली आणि कप्तान म्हणून प्रवासी नेण्याआधी आणखी एक स्वतंत्र तपासणी झाली.

खरा घाम फुटला तो वैद्यकीय तपासणीत. हृदयाच्या आलेखातील एका रेघेवर डॉक्टरांनी बोट ठेवले आणि पुढच्या तपासण्या लिहून दिल्या. तीन आठवडे निकाल नाही. इकडच्या नोकरीचा राजीनामा दिलेला, घराचे हप्ते चालू. टोकियोतल्या हातभर खोलीत रोज रात्री मी स्वतःची नाडी मोजत असे! अखेर शिक्का मिळाला. पण त्या तीन आठवड्यांनी माझे केस पिकवले.

"पण मामा, परदेशी वैमानिक घेतात ना ते?"

"घेतात. त्यांची सुरुवातच परक्यांच्या हातून झाली. युद्धात हरल्यावर जपानला विमाने उडवायला बंदी होती. १९५१ साली जपान एअरलाइन्स निघाली तेव्हा विमान नॉर्थवेस्ट या अमेरिकन कंपनीकडून भाड्याने घेतलेले आणि चालवणारेही अमेरिकन. मग १९५४ साली त्यांनी मियाझाकीला स्वतःचे वैमानिक विद्यालय काढले. नवशिके ते बहुधा स्वतःच घडवतात. बाहेरून बोलावतात तो बहुधा तयार गडी. ज्या जातीचे विमान त्यांच्यापाशी आहे, त्यावर हजारो तास बसलेला. दोनशे साठ तासांना तिथे दार जवळजवळ बंदच समज."

पोराचा चेहरा पडला. मला वाईट वाटले; पण जमीन विकून झाल्यावर पडला असता, तर ते अधिक वाईट.

"मग मी काय करू?"

"आधी इथली परीक्षा दे. अमेरिकेचा परवाना भारतातही तसाच चालत नाही. इथल्या कायद्याचे आणि इतर विषयांचे पेपर द्यावे लागतात. ते दे. नोकरी धर, तास जमव, कप्तान हो. जपान कुठे पळून जात नाही. जमले तर तोवर जपानी शीक. आकाशात इंग्रजी चालते, पण घरमालक आणि भाजीवाली आकाशात राहत नाहीत!"

ताटात मी पाकीट टाकले होतेच. पण निघताना ताई दारापर्यंत आली आणि म्हणाली, "खरी ओवाळणी आज घातलीस बघ."

जमीन अजून गहाण आहे, पण विकलेली नाही. भाचा रात्री पुस्तके घेऊन बसतो. यंदाच्या भाऊबीजेला त्याचे दोन पेपर सुटलेले असतील, अशी आशा आहे.