दहा हजारांतले एक लेकरू

मूल व्यंग घेऊन जन्माला आले की घरादाराच्या नजरा प्रथम मातेकडे वळतात, ही आपल्या समाजाची जुनी खोड आहे. त्यातही नवजात अर्भकाच्या टाळूवर एखादी जागा त्वचेविनाच असेल आणि तिथे ताज्या जखमेसारखा लाल, ओलसर चट्टा दिसत असेल, तर आरोपाला पुरावाच मिळाल्यासारखे होते. तिने ग्रहणात काही चिरले असेल, असे घरचे म्हणतात. कोणी सुईणीला किंवा परिचारिकेला धारेवर धरतो. हे आरोप करणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते की ही जखम नव्हेच. तो जन्मजात त्वचा-अभाव आहे.

वैद्यकात या व्याधीस ‘अप्लेझिया क्यूटिस कंजेनायटा’ म्हणतात. तिची पहिली नोंद १७६७ सालची आहे. १९८६ साली इलोना फ्रीडन यांनी तिचे नऊ गटांत वर्गीकरण केले. गर्भात त्वचेचा एखादा भाग घडतच नाही, आणि बहुतेक बालकांत तो माथ्यावरचा असतो. काही कुटुंबांत हा दोष आनुवंशिक असतो. काही वेळा जुळ्यांपैकी एक गर्भ पोटातच मरण पावलेला असतो. काही वेळा गर्भारपणाच्या आरंभी घेतलेल्या मेथिमाझोल वा कार्बिमाझोल या थायरॉईडवरील औषधांशी त्याचा संबंध लागतो. पुष्कळदा कोणतेच कारण हाती येत नाही. ग्रहण मात्र या यादीत कुठेही नाही.

घुग्घुससारख्या गावात आणखी एक आरोपी सहज सुचतो. कोळशाच्या खाणी, सिमेंट आणि स्पंज आयर्न यांच्या धुळीत हे गाव श्वास घेते. २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातील औद्योगिक क्षेत्रांचा प्रदूषण निर्देशांक काढला, तेव्हा चंद्रपूर ८३.८८ गुणांनी चौथ्या क्रमांकावर होते. तेव्हा हा दोषही धुळीच्याच माथी मारावा, असा मोह कार्यकर्त्याला होणे स्वाभाविक आहे. परंतु वैद्यकाने नोंदविलेल्या कारणांत कोळशाची धूळ नाही. धुळीने फुफ्फुसांची जी हानी होते तिचा पुरावा स्वतःच्या पायावर भक्कम उभा आहे. त्याला न टिकणाऱ्या आरोपाची जोड दिली, तर उद्या खरी तक्रारही खोटी ठरविणे मालकवर्गाला सोपे जाईल.

खरा प्रश्न कारणाचा नसून जबाबदारीचा आहे, आणि तो ‘दुर्मिळ’ या शब्दाआड दडला आहे. दहा हजार जन्मांमागे अशी एक ते तीन बालके, असा सर्वसाधारण अंदाज आहे. आता हिशेब मांडावा. २०११च्या जनगणनेनुसार चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांची लोकसंख्या सुमारे ३२ लाख ७७ हजार होती. जन्मदर हजारी १५ धरला, तर वर्षाला ४९ हजारांच्या आसपास जन्म होतात. म्हणजे या दोन जिल्ह्यांत दरवर्षी पाच ते पंधरा लेकरे या दोषासह जन्मतात. दिल्लीच्या कागदावर जे दुर्मिळ असते, ते जिल्ह्याच्या प्रसूतिगृहात दर दोन-तीन महिन्यांनी, कदाचित दर महिन्यालाही, दारात उभे राहते.

आणि या लेकरांना लागते तरी काय? २०२१च्या राष्ट्रीय दुर्मिळ रोग धोरणाची चर्चा महागड्या औषधांभोवती फिरते. येथे तसले औषध लागतच नाही. चट्टा लहान असेल तर तो स्वच्छ व ओलसर पट्टीखाली काही आठवड्यांत भरून येतो. मागे केस न उगवणारा वण राहतो. धोका असतो तो मोठ्या चट्ट्यात. काही बालकांत त्याखालचे कवटीचे हाडही अपुरे असते. तो भाग सुकून तडकला, तर आतली मोठी रक्तवाहिनी उघडी पडून जीवघेणा रक्तस्राव होऊ शकतो किंवा संसर्ग मेंदूच्या आवरणापर्यंत पोचतो. अशा बालकाला शल्यचिकित्सकाकडे तातडीने न्यावे लागते. त्यावर हळद वा राख दाबणे म्हणजे या दोन्ही संकटांना आमंत्रण होय.

म्हणजे हवी आहे ओळख, पट्टी आणि वाहन. बाजार यातले काही पुरविणार नाही, कारण यात नफा नाही. वेकोलिच्या कायम कामगारामागे निदान कंपनीच्या वैद्यकीय सोयीचा आधार असतो. ठेकेदाराच्या मजुराच्या कुटुंबाला सार्वजनिक रुग्णालयाखेरीज आसरा नाही. तिथे शासन काय करते? २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत तपासणीसाठी नऊ जन्मदोष नेमून दिले आहेत. दुभंगलेला ओठ आहे, वाकडा पाय आहे, हृदयाचा दोष आहे, त्वचा-अभाव नाही. यादीत नाही ते शिकविले जात नाही, आणि शिकविले नाही ते ओळखले जात नाही.

अज्ञानाचे दर्शन विदर्भाला २०१६च्या जूनमध्ये घडले. नागपूरच्या लता मंगेशकर रुग्णालयात एक बालिका हार्लेक्विन इक्थिओसिस या निराळ्या आनुवंशिक त्वचारोगासह जन्मली. त्या रोगात त्वचा जाड होऊन तडकते; तरी अनेक बातम्यांनी तिला ‘त्वचेविना जन्मलेली’ ठरवून तिची छायाचित्रे छापली. दोन दिवसांत ती गेली. कुतूहल मोठे होते. समज अल्प होती.

हे बदलणे अशक्य नाही, याचा दाखला शेजारीच आहे. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच स्त्रियांना नवजात बालकांची घरी काळजी घेण्यास शिकविले. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासाने नवजात मृत्युदर निम्म्याहून अधिक घटल्याचे दाखविले, आणि पुढे आशा सेविकांच्या गृहभेटी त्याच वाटेने देशभर गेल्या.

तेव्हा मागणी साधी आहे. आशा आणि परिचारिका यांच्या प्रशिक्षणात या दोषाचे एक चित्र आणि चार ओळी असाव्यात. प्रत्येक प्रसूतिगृहात निर्जंतुक, न चिकटणारी पट्टी असावी. मोठ्या चट्ट्याच्या बालकाला चंद्रपूर वा नागपूरला नेणारी गाडी विनामूल्य आणि विनाविलंब मिळावी. आजारी नवजातासाठी मोफत वाहनाचे वचन शासनाने २०११ सालीच दिलेले आहे. थायरॉईडची औषधे घेणाऱ्या स्त्रीने ती आपल्या मनाने बंद करू नयेत. पण मूल हवे असल्यास आधीच डॉक्टरांना विचारावे, हेही तिला कोणी सांगितले पाहिजे.

आणि कार्यकर्त्याचे एक काम शासनाच्या आदेशाची वाट पाहत थांबलेले नाही. मोहल्ल्यात असे मूल जन्मले, तर त्याने प्रथम त्या घरी जावे आणि सर्वांसमक्ष सांगावे की मातेचा यात काडीचाही दोष नाही.