सांडपाण्याचे कारागीर कोण घडविणार?

छत्रपती संभाजीनगरचे सांडपाणी खाम आणि सुखना या दोन नद्यांच्या वाटेने गोदावरीच्या खोऱ्यात उतरते. खाम पुढे नाथसागराला मिळते आणि त्याच नाथसागराचे पाणी शहर पिते. त्यामुळे कांचनवाडी व झाल्टा येथील प्रक्रिया केंद्रे कशी चालतात, हा प्रश्न केवळ पर्यावरणप्रेमींचा उरत नाही. कांचनवाडी केंद्राची क्षमता दिवसाला 161 दशलक्ष लिटर, तर झाल्ट्याची 35 दशलक्ष लिटर. यंत्रे उभी राहिली. ती चालविणारा हात कोठून आणायचा, याचा विचार मात्र निविदेच्या कागदावर क्वचितच होतो.

असे केंद्र म्हणजे नुसते पंप आणि टाक्या नव्हेत. पाणी शुद्ध करण्याचे मुख्य काम जिवाणू करतात आणि त्यांना अहोरात्र हवा पुरवावी लागते. वीज गेली, ब्लोअर थांबला किंवा एखाद्या कारखान्याने रात्री आम्ल सोडून दिले, की काही तासांत हे जिवाणू मरू लागतात. मुरलेला चालक एक लिटरच्या नळकांड्यात अर्धा तास गाळ बसू देतो आणि त्यावरून टाकीची प्रकृती ओळखतो. गाळ तपकिरी असून त्याला ओल्या मातीसारखा वास आला तर ठीक; काळा पडून कुजका वास आला तर हवा कमी पडली आहे. ही नजर पुस्तकातून येत नाही. ती जाणत्या माणसाच्या हाताखाली वर्षभर राबूनच येते. शिकाऊ उमेदवारी म्हणतात ती हीच.

यात जिवाचाही प्रश्न आहे. मार्च 2019 मध्ये चिकलठाणा परिसरात शेतीसाठी सांडपाणी उपसणाऱ्या पंपाच्या कामासाठी मलनिस्सारण वाहिनीच्या चेंबरमध्ये उतरलेले शेतकरी विषारी वायूने दगावले. हायड्रोजन सल्फाइड थोडा असताना कुजक्या अंड्यासारखा वास येतो. प्रमाण वाढले की नाकाची संवेदनाच बधिर होते आणि वास गेला म्हणजे धोका टळला, असे अजाण माणसाला वाटते. प्रशिक्षणात पहिल्याच आठवड्यात शिकविण्याची ही गोष्ट! गटारात उतरून मृत्यू आल्यास 30 लाख रुपये भरपाई द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2023 मध्ये बजावले. भरपाईचा आकडा ठरला, प्रशिक्षणाची सक्ती मात्र अजून ढिलीच आहे.

कायद्याची उणीव आहे असे म्हणता येत नाही. शिकाऊ उमेदवारी कायदा 1961 चा आहे. 2019 च्या सुधारित नियमांनुसार 30 वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना कंत्राटी कामगार धरून एकूण संख्येच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावे लागतात. आयटीआयमध्ये विजतंत्री आहे, जोडारी आहे, रासायनिक संयंत्राचा परिचालकही आहे. हरित रोजगार कौशल्य परिषदेने सांडपाणी केंद्रातील तंत्रज्ञ व मदतनीस यांच्यासाठी पात्रताही आखल्या आहेत. अडचण अशी, की प्रक्रिया केंद्रे बहुधा ठेकेदाराच्या हाती असतात आणि एका केंद्रावरील माणसांची संख्या बेताचीच असते. ठेक्याची मुदत संपली की शिकलेला माणूसही जातो, नवा ठेकेदार नवी माणसे आणतो.

जर्मनीत हा 2002 पासून तीन वर्षांच्या उमेदवारीचा स्वतंत्र व्यवसाय आहे. काही काळ केंद्रावर, काही काळ व्यवसायशाळेत. 2024 मध्ये त्याचा अभ्यासक्रम नव्याने बांधला गेला. हे उदाहरण या शहराला परके वाटण्याचे कारण नाही. चिकलठाण्यातील इंडो-जर्मन टूल रूमने साचे घडविणाऱ्या कारागिरांच्या पिढ्या तयार केल्या आणि येथील वाहन उद्योगाला त्याचा लाभ झाला. साच्याच्या कारागिराला जी प्रतिष्ठा मिळाली, ती गाळ तपासणाऱ्याला मिळालेली नाही. याचे एक कारण, स्पष्टच सांगायचे तर, जातीचे आहे. मैल्याशी संबंध आला की तांत्रिक कामही 'सफाई' ठरते आणि आयटीआयचा मुलगा तिकडे फिरकत नाही.

वाळूजचे सामाईक प्रक्रिया केंद्र, शेंद्रा-बिडकीनची नवी औद्योगिक वसाहत आणि महापालिकेची केंद्रे यांना लागणारी माणसे एकाच प्रकारची आहेत. महापालिका, औद्योगिक विकास महामंडळ व आयटीआय यांनी मिळून एक तुकडी घेतली, तर संख्येची अडचण सुटते. पुढील ठेक्यात शिकाऊ उमेदवारांची अट आणि प्रशिक्षित चालकाला कायम ठेवण्याचे कलम घालण्यास नव्या कायद्याची गरज नाही. निविदेतील दोन ओळी पुरेशा आहेत.