तेवरच्या मातीत मेटल डिटेक्टर

२०२५ च्या मार्चमध्ये बुऱ्हाणपूरजवळ असीरगडच्या परिसरातली शेतं लोकांनी रात्री-अपरात्री उकरली. महामार्गाच्या कामात निघालेल्या मातीत मोगलांची सोन्याची नाणी आहेत, अशी आवई उठली होती. नुकत्याच आलेल्या ‘छावा’ चित्रपटाने तिला बळ दिलं आणि माणसं टॉर्च, चाळण्या, मेटल डिटेक्टर घेऊन शेतांत उतरली. ती गर्दी निदान दिसली. प्रशासनाला दखल घ्यावी लागली. पण मध्य प्रदेशातल्याच जबलपूरची मला जास्त काळजी वाटते. तिथे असं यंत्र घरच्या परसात फिरवलं, तर शेजाऱ्यालाही कळणार नाही.

जबलपूरहून भेडाघाटकडे जाताना दहा-बारा किलोमीटरवर तेवर लागतं. कलचुरींची राजधानी त्रिपुरी ती हीच. आजची घरं आणि शेतं त्या जुन्या नगराच्या थरांवरच उभी आहेत. १९५२ च्या सुमारास मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी सागर विद्यापीठातर्फे इथे उत्खनन केलं. कलचुरींचे लेख वासुदेव विष्णु मिराशींनी संपादित केले. तो ग्रंथ १९५५ चा. या नगराची स्वतःची तांब्याची नाणी होती, त्यांवर ब्राह्मी अक्षरांत नगराचं नाव. अकराव्या शतकातल्या कलचुरी राजा गांगेयदेवाने बसलेल्या लक्ष्मीचं सोन्याचं नाणं पाडलं. ते इतकं रुळलं, की पुढे चंदेल, गाहडवाल राजांनी आणि मुहंमद घोरीनेही त्याची नक्कल केली. अशा मातीत यंत्र वाजणारच.

पण ते कशाला वाजतं? त्याच्या वेटोळ्यातून चुंबकीय क्षेत्र जमिनीत शिरतं, वाटेतल्या धातूत सूक्ष्म प्रवाह उठतात आणि यंत्र तेवढेच टिपतं. खिळा, बाटलीचं झाकण आणि त्रिपुरीचं नाणं यांत त्याला खात्रीने फरक करता येत नाही. खापर, मणी, वीट, कोळसा, जळलेलं धान्य यांना तर ते गप्पच राहतं. काळ ठरवायला अभ्यासकाला लागतात त्या नेमक्या याच गोष्टी. नाण्यासाठी पाडलेला हातभर खड्डा या सगळ्यांतून आरपार जातो आणि थर कालवून टाकतो. मग नाणं घरी आणून चिंचेने, राखेने घासलं जातं. तांब्यावरची अक्षरं आधीच झिजलेली असतात. उरलीसुरली या घासण्यात जातात.

ठेवा एकत्र राहिला तर काय हाती लागतं, हे नाशिकजवळच्या जोगळटेंभीने दाखवलं. १९०६ मध्ये तिथे नहपानाची सुमारे १३,२५० चांदीची नाणी सापडली. त्यांपैकी ९,२७० च्या आसपास नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला होता. नहपानाच्या क्षहरात घराण्याचा पाडाव करून त्याने त्यांचं चलन कसं आपलंसं केलं, ते या प्रमाणातून उघड झालं. हीच नाणी सुटी-सुटी बाजारात गेली असती, तर हे प्रमाण कुणालाच मांडता आलं नसतं. दायमाबादची गोष्ट दुखरी आहे. १९७४ मध्ये झाडाचं मूळ खणताना एका शेतकऱ्याला रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा अशी काशाची अप्रतिम शिल्पं मिळाली. त्याने काहीच गैर केलं नव्हतं. पण ती शास्त्रीय उत्खननात निघाली नाहीत, म्हणून ती उत्तर-हडप्पा काळातली की बरीच नंतरची, हा वाद अजून मिटलेला नाही. अनवधानाने एवढं नुकसान होतं. यंत्र घेऊन मुद्दाम खणणाऱ्याकडून किती होईल?

जबलपूरला आणखी एक धोका आहे, थेट जिवाचा. गन कॅरेज फॅक्टरी १९०४ पासूनची, शिवाय खमरियाचा दारूगोळा कारखाना आणि तोफगोळ्यांच्या चाचणीचं मैदान. २०२४ च्या एप्रिलमध्ये खजरी-खिरिया भागातल्या भंगाराच्या गोदामात भीषण स्फोट झाला. या शहरात यंत्र वाजलं म्हणून कुदळ मारणाऱ्याने खाली काय असू शकतं, याचा आधी विचार करावा.

‘माझ्या अंगणातलं ते माझंच’ हा समजही चुकीचा आहे. १८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडवलेली, दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. लपवलं तर हिस्सा जातो आणि एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. कळवलं आणि मूळ मालक पुढे आला नाही, तर दुसरा करार नसल्यास तीन हिस्से शोधणाऱ्याचे, एक जागामालकाचा.

पण सरकारने तो ठेवा घ्यायचं ठरवलं, तर मोबदला धरला जातो धातूची किंमत अधिक तिचा पाचवा भाग. तांब्याच्या नाण्याला त्यात काय मिळणार? माणूस सोनाराकडे किंवा दलालाकडे वळतो, त्याचं एक कारण हे आहे आणि ते दूर करणं सरकारच्या हातात आहे. इंग्लंडमध्ये १९९७ पासून सर्वसामान्यांना सापडलेल्या वस्तूंची नोंद करणारी यंत्रणा आहे. तिथे हौशी माणूस वस्तू आणि जागा दोन्ही दाखवतो. जबलपुरात २०२० पासून पुरातत्त्व सर्वेक्षणाचं मंडळ आहे, राणी दुर्गावती संग्रहालय आहे. पाया खणताना नाणं लागलं, तर तेवरच्या घरमालकाने खणणं थांबवावं, नाणं न घासता जागेचा फोटो काढावा आणि कळवावं. आणि त्याने कळवलं, की त्याच आठवड्यात कुणीतरी तेवरला जाऊन ती जागा पाहावी, त्याला पोच द्यावी आणि त्याचं बांधकाम महिनोन् महिने अडकवून ठेवू नये.